पाचपैकी पाच

सदाशिव पेठ, पुणे
रविवार, दुपार

प्रिय पूर्णिमा,

पाकीट बघून घाबरू नकोस. इथे सगळं ठीक आहे. गॅस बंद आहे, गुडघा जसा होता तसाच आहे. हे फोनवर सांगता आलं असतं, पण फोन मी खांदा आणि कान यांच्यामध्ये धरून बोलते, हात कणकेत असतात, आणि मग तोंडातून काहीतरीच जातं. आज रविवार, संध्याकाळचे डबे नसतात. बायका आवरून गेल्या, ओटा पुसला आणि त्याच्यावरच वही ठेवून लिहायला उभी राहिले. आता खुर्ची ओढली आहे. उद्या डबे पोचवणाऱ्या रतनभाऊंना मुद्दाम सात वाजता बाणेरला तुझ्याकडेच आधी पाठवणार आहे, म्हणजे ऑफिसला निघायच्या आत हे तुझ्या हातात पडेल. डब्यात मेथीचे पराठे आहेत. आधी पत्र वाच, मग खा.

तुझ्या कामाचं नाव मी आता लोकांना नीट सांगते. परवा शेजारच्या राजनंदिनीताईंना म्हटलं, पूर्णिमा अजाईल कोच आहे. त्या म्हणाल्या, "अगं बाई, खो-खो की कबड्डी?" मी म्हटलं, "दोन्ही. ऑफिसात दोन्ही चालतं." मला जे समजलं ते असं, की मोठं काम वर्षभराचा आराखडा करून आंधळ्यासारखं ओढत न्यायचं नाही. त्याचे दोन-दोन आठवड्यांचे तुकडे पाडायचे, रोज सकाळी उभ्याउभ्या काय अडलंय ते एकमेकांना सांगायचं, तुकडा संपला की काय चुकलं ते बोलायचं आणि पुढच्या वेळी बदलायचं. मी तुला म्हटलंही होतं, यात नवीन काय, कुठलीही बाई स्वयंपाक असाच करते. तू हसली नाहीस. म्हणालीस, "आई, पद्धत सगळे पाळतात गं. फळ्यावर कार्डं लावतात, सकाळी पंधरा मिनिटं उभे राहतात. पण उभं राहून खरं बोलतात का, ते मला मोजायचंय."

ते मोजायला तू वीस प्रश्न काढलेस आणि ऑफिसातल्या चौदा टीमना द्यायच्या आधी आपल्या पोळी-भाजी केंद्रावर त्यांची तालीम घ्यायला आलीस. दिवाळीनंतरचा दुसरा रविवार होता. तुला आठवत असेल तो गंमत म्हणून, पण मला तो रोज आठवतो. तू बायडाबाई, चंपा आणि रतनभाऊंना बाकावर बसवलंस, प्रत्येकाच्या कागदावर वर नाव लिहिलंस आणि एकेक प्रश्न मराठीत करून विचारलास. चूक झाली तर मोकळेपणी सांगता येते का? काम सोपं करायची सूचना केली तर ऐकली जाते का? एक म्हणजे अजिबात नाही, पाच म्हणजे नेहमी. आणि मी तिथेच समोर स्टुलावर गुरुवारचा घेवडा निवडत बसले होते. उन्हाळ्यात फ्रीज बंद पडल्यापासून बघतेस ना, भाजी पडून राहिलेली मला चालत नाही, पण घेवडा मात्र मी चार दिवस आधी आणून ठेवते, कारण तो गुरुवारी लागतोच. चंपाने विचारलं, "पास व्हायला किती लागतात?" सगळे हसले. रतनभाऊंनी प्रश्न पुरा व्हायच्या आत "पाच" म्हणायला सुरुवात केली. वीस प्रश्न, तीन माणसं, सगळीकडे पाच. तू कागद गोळा करताना म्हणालीस, "आई, तुझी टीम आमच्या कंपनीत पाठव." मी फुशारले. खोटं कशाला सांगू, मी त्यातला एक कागद तुझ्याकडून मागून घेतला आणि फ्रीजवर चुंबकाने लावला.

संध्याकाळी मी वाणसामान आणायला खाली उतरत होते, तेव्हा बायडाबाई जिन्याच्या वळणावर थांबलेली होती. म्हणाली, "वहिनी, तो कागद काढा फ्रीजवरनं. लाज वाटती." मी विचारलं, कसली लाज? तर म्हणाली, "गुरुवारचा घेवडा कुनी खात न्हाई. पोरं झाकण उघडून बंद करत्यात. डबे भरलेले येत्यात, ते म्या अन् चंपी तुमच्या आधी घासून ठेवतो." मी विचारलं, कधीपासून? "भाऊ गेल्यापास्नं म्हणा. आधी भाऊ स्वतः पोरांना विचारून बदलायचे. आता तक्ता बदलतच न्हाई."

तक्ता तुला माहीत आहे. दारामागे लावलेला, सोमवार ते शनिवार कुठली भाजी, कुठली आमटी, भाऊंच्या, म्हणजे बाबांच्या, बसक्या अक्षरात. गुरुवारच्या चौकोनात घेवडा. ते गेले त्या आठवड्याचा तक्ता तो. मी तो दोन वर्षं तसाच चालवला. मला वाटायचं, मी त्यांची शिस्त पाळते. बाबांनी मात्र तो तक्ता खडूने लिहावा तसा लिहिलेला होता. दर पंधरा दिवसांनी नवा कागद करायचे, जुना रद्दीत. मीच शेवटचा कागद धरून बसले.

मी बायडाबाईला म्हटलं, मग तुम्ही बोलला का नाहीत? बाक माझ्यासमोर होता, पूर्णिमा विचारत होती, पाच का म्हटलंत? त्यावर तिने मला चार वर्षांपूर्वीची गोष्ट सांगितली, जी मी साफ विसरले होते. चंपा नवीन होती. नवं पीठ आणलं होतं. ती म्हणाली, वहिनी, हे पीठ चिकट येतंय, पोळ्या जाड होतायत. मी सगळ्यांसमोर म्हणाले, "असं का? मग उद्यापासून दुकान तुम्ही चालवा, मी लाटायला येते. वेळ काय असते आपली?" सगळे हसले होते म्हणे. चंपाही हसली होती. मला ती माझी हुशारी वाटली असणार. तुझ्या बाबांना माझं असं बोलणं आवडायचं, निदान ते म्हणायचे तसं. बायडाबाई म्हणाली, "त्या दिसापास्नं चंपीनं तोंड उघडलं न्हाई. तिचं बघून आमीबी न्हाई."

मी सातवी शिकलेली बाई. वाचायला लागले ती चाळिशीत, पोळ्या गुंडाळायला आणलेल्या रद्दीतून. वाचायचं आणि मग त्यातच पोळी गुंडाळायची, त्यामुळे कित्येक लेखांचा शेवट मला माहीत नाही. मग बाबांनी वाचनालयाचं कार्ड काढलं, त्यांच्या नावाने. अजून त्याच नावावर आहे, तिथल्या बाईंना माहीत आहे, त्या बदलायचं नाव काढत नाहीत आणि मीही नाही. बायडाबाई बोलल्यावर मी कारखाने कसे चालतात त्यावरचं एक पुस्तक आणलं. त्यात परदेशातल्या एका कारखान्याचं वर्णन होतं. कामगाराच्या डोक्यावर एक दोरी लोंबते, दोष दिसला की कोणीही ती ओढायची, सगळं काम थांबतं. लेखकाने दोरीचं फार कौतुक केलं होतं. मला मात्र प्रश्न पडला, की पहिल्यांदा ज्याने ओढली त्याला दुसऱ्या दिवशी काय वागणूक मिळाली? पुस्तकात ते नाही. दोरी तर मीही टांगली होती. बोला हो, आपलंच घर आहे, असं मी रोज म्हणायचे. पण चंपाने एकदा ओढली आणि मी तिचा हात सगळ्यांना दाखवून हसले. पुढे चार वर्षं दोरी नुसती लोंबत होती.

मग मी तुझं ते सकाळचं उभं राहणं सुरू केलं. साडेसहाला, चहाचे कप हातात घेऊन, पाच मिनिटं. पहिले आठ दिवस कोणी काही बोललं नाही. चंपा कपात बघायची, रतनभाऊ किल्ली फिरवायचे. मी विचारायचे, काही अडचण? "नाही." काही अडचण? "काहीच नाही, वहिनी." नवव्या दिवशी मला सुचलं की विचारून काही होत नाही, आधी स्वतःचं टाकावं लागतं. मी म्हणाले, "काल आमटीत दोनदा मीठ पडलं, ते माझ्याकडून. चव न घेता डबे भरले. आणि चंपा, तुझं पीठ चिकट होतं त्या वर्षी. मी ते गिरणीवाल्याला सहा महिन्यांनी बोलले, तुझं नाव न घेता." चंपाने कप खाली ठेवला. त्या दिवशी दुपारी म्हणाली, "वहिनी, मोठ्या कुकरची शिट्टी अडकतीय, दोन महिने झाले." दोन महिने! मी ओठापर्यंत आलेलं वाक्य गिळलं. कुठलं वाक्य, ते तुला न सांगता कळेल. गिळायला किती जड गेलं तेही कळेल. कुकर त्याच दिवशी दुरुस्तीला दिला.

असं करत करत बरंच बाहेर आलं. शनिवारी बेचाळीस मुलांच्या अभ्यासिकेच्या वेळा बदलल्या आहेत, डबा दुपारी एकऐवजी बाराला हवा आहे. आपला डबा पोचेपर्यंत ती निघून गेलेली असायची आणि डबा वॉचमनजवळ पडून थंड व्हायचा. रतनभाऊंना हे पावसाळ्यापासून माहीत होतं. आम्ही बाराचा डबा आधी एका रस्त्यावर देऊन बघितला, मग दुसऱ्यावर. सोमवारी फळ्यावर फक्त त्या आठवड्याच्या भाज्या लिहायच्या, शनिवारी काय परत आलं ते बघून पुढच्या ठरवायच्या. एकदा चंपाने सुचवलेली शेवभाजी सपशेल पडली, तीस डबे परत. तिने तोंड एवढंसं केलं. मी म्हटलं, बरं झालं, शनिवारीच कळलं. हे म्हणताना मला तुझ्या शाळेतल्या बाईंसारखं वाटत होतं, पण म्हटलं खरं.

तक्ता मात्र दाराच्या मागेच होता. त्याकडे बघून आता कोणी काही शिजवत नव्हतं, तरी काढवत नव्हता. गेल्या महिन्यातल्या एका गुरुवारी सकाळच्या चहानंतर मी स्टुलावर चढले आणि तो काढला. चिकटपट्टीबरोबर थोडा रंगही आला. चंपा आणि रतनभाऊ कामाला लागले, बायडाबाई तिथेच उभी राहिली. म्हणाली, "वहिनी, भाऊंचं काढलंत, तर आता एक सांगते. मग मला काढायचं तर काढा."

हे मी तुला अजून सांगितलेलं नाही. आज सांगते, आणि जसं तिने सांगितलं तसंच सांगते.

बाबा गेले त्या वर्षी दिवाळीला आपल्याकडे फराळाच्या ऑर्डरी होत्या. चकलीचा घाणा सकाळपासून चालायचा, मला मान वर करायला फुरसत नव्हती. बाबा जायच्या आधी तीन आठवडे, बायडाबाईने त्यांना जिन्याच्या त्याच वळणावर बसलेलं पाहिलं. दोन्ही बाजूला डब्यांच्या पिशव्या, हात छातीवर, अंगाला घाम. तिने पाणी दिलं. म्हणाली, वहिनींना बोलावते. ते म्हणाले, "नको. ऑर्डरी आहेत. उगाच तिचं तोंड सुटेल, दिवसभर पुरेल." आणि हसले. त्यानंतर अजून दोनदा तसंच. दोन्ही वेळा तिने पाणी दिलं आणि दोन्ही वेळा ती गप्प राहिली. ते म्हणाले होते म्हणून, आणि मी कशी आहे ते तिला माहीत होतं म्हणून.

मी रोज विचारायचे गं त्यांना. पिशव्या खाली ठेवून वर आले की विचारायचे, "दमलात का?" आणि त्यांचं उत्तर यायच्या आत पुढच्या फेरीच्या पिशव्या हातात द्यायचे. ते म्हणायचे, "छे." तेही पाचपैकी पाचच.

बायडाबाई रडत होती. मी रडले नाही, मला तेव्हा रडू आलं नाही. हातात ओलं फडकं होतं, ते मी पिळत राहिले. तिच्यावर राग आला का? आला. अगदी खरा, तोंडाशी आलेला. पण मग मला दिसलं की दोरी आत्ता ओढली गेली आहे, आणि ओढणारी समोर उभी आहे, आणि उद्या सकाळी काय होतं यावर पुढचं सगळं आहे. मी एवढंच म्हणाले, "उद्या वेळेवर या." ती दुसऱ्या दिवशी दहा मिनिटं लवकर आली. तिचा चहा मी आधीच ओतून ठेवला होता. तिला माफ वगैरे करायचा प्रश्न नव्हता. तिने माझं घर बरोबर वाचलं होतं.

मग मी बाबांच्या डॉक्टरांना जाऊन विचारलं. ते म्हणाले, तीन आठवडे आधी कळलं असतं तरी वाचले असते का, ते सांगता येत नाही. मी तेच धरून आहे. पण 'सांगता येत नाही' यावर रोज सकाळी उठावं लागतं.

आता तुझ्याकडे येते. परवा शुक्रवारी तुझा फोन आला. चौदा टीमचे कागद आले, सरासरी चार पूर्णांक सहा दशांश. तुझे बॉस आमोद सर खूश, सोमवारी अकराला वरच्या लोकांसमोर मांडायचंय. तू म्हणालीस की आकडा खरा नाही. कागदावर नावं होती, टीमचा प्रमुख त्याच खोलीत बसला होता, आणि कमी गुण आले तर टीम मोडतील अशी आधीच कुजबूज होती. मग रक्तपेढीचं सॉफ्टवेअर करणाऱ्या टीममधली निकिता तुला कँटीनमध्ये भेटली. सगळीकडे पाच लिहिलेली मुलगी. म्हणाली, मध्येच नेट जाऊन परत आलं की रक्ताच्या पिशवीच्या लेबलवर कधीकधी आधीच्या पिशवीचा नंबर छापला जातो. दीड महिना त्यांना माहीत आहे. फळ्यावर ते कार्ड नाही, कारण लाल, म्हणजे अडचणीचं, कार्ड लावलं की वरचे प्रश्न विचारतात, त्यापेक्षा हळूच दुरुस्त करू. वीस तारखेला ते सॉफ्टवेअर चार इस्पितळांत जाणार. "माझं नाव येऊ देऊ नकोस," असंही म्हणाली. तू आमोद सरांना नुसतं एवढं म्हणालीस, की आकड्यांची पुन्हा तपासणी करू या. ते म्हणाले, "छान आलेत ना? कशाला उकरतेस? तुझं प्रमोशन पण याच बैठकीत आहे." आणि तू मला विचारलंस, आई, काय करू?

मी काय म्हणाले ते मला आठवतंय, तूही विसरली नसशील. फोन खांद्यावर होता, परातीत साठ पोळ्यांची कणीक होती. मी म्हणाले, "जाऊ दे गं. देऊन टाक. बाकीचं त्यांचं ते बघतील." तू म्हणालीस, "बरं." तुझ्या बाबांच्या "छे"इतकंच लहान. फोन ठेवल्यावर दोन पोळ्या लाटल्या, तिसरी लाटता आली नाही. बाबांसारखीच तू वर आली होतीस आणि मी तुझ्या हातात पुढची पिशवी दिली होती. तो शब्द परत घ्यायला हे पत्र लिहिलं आहे. देऊन टाकू नकोस. निकिताचं नाव कुठेच घेऊ नकोस, त्याची गरज नाही. उभी राहा आणि आधी स्वतःचं टाक. म्हण की मोजायची पद्धत माझी चुकली, मी नावं लिहून घेतली, साहेबांना समोर बसवून विचारलं, म्हणून हा आकडा खोटा आहे. मग म्हण, वीस तारखेच्या आधी नेट पुन्हापुन्हा काढून-जोडून पिशव्यांची लेबलं माझ्यासमोर छापून दाखवा. छापली चुकीची, तर तुला काही सांगावं लागणार नाही. बरोबर छापली, तर तुझं हसं होईल, तेवढं होऊ दे. प्रमोशनचं मला काही सांगता येत नाही. सोबत बाबांचा तक्ता घडी करून ठेवला आहे. मागची बाजू कोरी आहे, सोमवारी काय बोलायचं ते त्याच्यावर लिही. त्यांना कागद वाया गेलेला आवडायचा नाही. आणि संध्याकाळी इकडे ये. चांगलं झालं असेल तर सावकाश ये, वाटेत काही घेऊन ये. वाईट झालं असेल तर आधी ये. मी खुर्ची ओढून, हात धुऊन बसलेली असेन.

तुझीच, हात रिकामे ठेवून वाट बघणारी
आई